प्रतीक्षा यादी आणि आक्का

आक्कांशी बोलणं संपवायचं तर त्यांना तसं सांगावं लागायचं. आपण बोलून थांबलो की त्या थोडं थांबायच्या आणि विचारायच्या, "झालं? तोडू?" आपण 'हो' म्हटल्याशिवाय त्या जागच्या हलायच्या नाहीत. भाजीवाल्याशीही तसंच आणि गल्लीतल्या डॉक्टरांशीही तसंच. नव्या माणसाला काही कळायचं नाही. जुन्या लोकांना माहीत होतं, की परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी उमर काढलेल्या बाईला दुसऱ्या तऱ्हेनं बोलणं संपवताच येत नाही.

मी त्यांची भाडेकरू. पालमहून बी.कॉम. करायला परभणीला आले तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, खोली शोधत फिरत होते. आमचं पालमला कापडाचं दुकान. पोरीला वसतिगृहात ठेवायला आबांचं मन होईना. कुणीतरी सांगितलं, एक्स्चेंजवाल्या आक्का एकट्या राहतात, त्यांच्या अंगणात एक खोली रिकामी आहे, पण त्या माणूस पारखून घेतात.

पारखून म्हणजे काय ते मला त्याच दिवशी कळलं. आक्का उंच, काटक, पांढरं लुगडं, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. त्यांनी ना आमचं गाव विचारलं ना घराणं. मला म्हणाल्या, "त्या टोकाला जा अन् तोंड भिंतीकडं करून उभी राहा."

मी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "जा की."

मी गेले. मागून आक्का हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

"काय म्हणले मी?"

"मोरीचा नळ नीट बंद करत जा म्हणालात."

"ऐकू येतं. आता तू तुझं नाव सांग."

मी सांगितलं. "कोण?" म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. "कोण?" तिसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडलेच.

"ओरडू नको," आक्का म्हणाल्या. "ओरडलं की शब्द फाटतो. पोटातून बोल. ऱ्हा इथं. बोलणं शिकवावं लागतंय."

आणि त्यांनी खरंच शिकवलं. आमच्या समोर पिठाची गिरणी होती. दुपारी गिरणी घरघर करत असताना आक्का मला पेपर घेऊन गच्चीवर उभं करायच्या आणि स्वतः गिरणीच्या दारात पोत्यावर जाऊन बसायच्या. मी वरून बातम्या वाचायच्या. ओरडायचं नाही, पण प्रत्येक शब्द गिरणीच्या आवाजापलीकडं पोचला पाहिजे. गिरणीवालाही पिठानं माखलेल्या भुवया वर करून ऐकायचा आणि खालून सांगायचा, "ताई, शेवटचं अक्षर खाल्लं तुमी." पहिले काही दिवस मला लाजेनं मरण यायचं. नंतर गल्लीतल्या म्हाताऱ्या पेपर ऐकायला ओट्यावर येऊन बसायला लागल्या, तेव्हा माझी मीच मोठी झाले.

आक्कांचे यजमान तरुणपणीच गेले. ते तारखात्यात होते, त्यांच्या मागं खात्यानं आक्कांना एक्स्चेंजवर घेतलं. तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झालेली. बायका नोकरी करत नसत, आणि ह्या कानाला यंत्र लावून परपुरुषांशी दिवसभर बोलायच्या. भाऊबंदांनी बोलणं टाकलं. आक्का सांगायच्या, "त्यांनी बोलणं टाकलं म्हणून काय बिघडलं? सारा जिल्हा बोलायला लागला माझ्यासंगं."

घरी मात्र त्यांनी फोन घेतला नव्हता. खात्यातून सवलतीत मिळत होता तरी नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणायच्या, "आता मला समोर माणूस दिसला पायजे बोलताना."

गल्लीत कुणाचं कुणाशी वाजलं की आक्का मध्ये पडायच्या, पण समजूत घालायला नाही. त्या नुसता निरोप पोचवायच्या, जसाच्या तसा. एकदा शेजारच्या दोन घरांत सांडपाण्यावरून बोलचाल बंद झाली. आक्का दोन्ही ओट्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या. "मी जोडून देते. बोला." एकजण म्हणाला, "त्याला म्हणावं, तू गाढव हाईस." आक्का दुसरीकडं वळल्या आणि एक्स्चेंजच्या सपाट आवाजात म्हणाल्या, "ते म्हणतात, तुमी गाढव हाव. उत्तर काय देऊ?" दुसरा खवळून काही बोलला, तेही तसंच इकडं आलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी आक्कांच्या तोंडून स्वतःच्याच शिव्या इतक्या सभ्यपणे ऐकून दोघांनाही हसू आवरेना. त्याच संध्याकाळी नाली कशी काढायची ते ठरलं.

आक्कांच्या पोटात सारं शहर होतं. कुणाचा सौदा कसा झाला, कुणाचं लग्न का मोडलं, सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं. पण एक शब्द बाहेर आला नाही. लोक आडून आडून विचारायचे. आक्का म्हणायच्या, "लाईन खराब होती, मला ऐकू आलं न्हाई."

एक माणूस मात्र माझ्या चांगला लक्षात आहे. चाळिशीचा, पोखर्णीकडचा शेतकरी. त्याचे वडील आणि हैदराबादला गेलेले चुलते, दोघं भांडून वेगळे झालेले. वडील वारायच्या आदल्या आठवड्यात परभणीला येऊन भावाला ट्रंक कॉल करून गेले होते, एवढं त्याला ठाऊक होतं. आता चुलतेही गेले. चुलतभाऊ वर्षश्राद्धाला ये म्हणतो. जावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"आक्का, त्या दिशी तुमीच ड्युटीवर होता म्हणतेत. काय बोलले ते? माफी झाली का न्हाई?"

आक्का म्हणाल्या, "मी ऐकत नसते."

तो मान खाली घालून उठला. दस्तीनं तोंड पुसलं, चपला घातल्या. आक्का अंगणात उभ्या होत्या. तो दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली.

"काय बोलले ते सांगायची न्हाई मी. पण शेवटाला तुमचे वडील हसले होते. मोठ्यानं. तेवढं मला लक्षात हाय."

तो माणूस तिथंच उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग वर्षश्राद्धाला गेला. नंतर दर संक्रांतीला त्याच्याकडून आक्कांना तीळ यायचे. आक्का गेल्या त्या वर्षीही आले. ते मीच घेतले, दिवसांना गेले होते तेव्हा.

आता माझी गोष्ट.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आमच्या एका प्राध्यापकांनी पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात दाखवली. व्यवसाय व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. आमच्याकडं तेव्हा हे कुणी ऐकलेलंही नव्हतं. मला मात्र ती जाहिरात वाचून आमच्या दुकानातलं मागचं कपाट आठवलं. दरवर्षी दिवाळी झाली की त्या कपाटात न खपलेले कापडाचे गठ्ठे जायचे. का खपले नाहीत, कुणी सांगू शकत नव्हतं. आबा म्हणायचे, "नशीब." मला वाटायचं, याचं काहीतरी कारण असणार आणि ते शिकवणारी जागा कुठंतरी असणार.

परीक्षा दिली, मुलाखत दिली. मुलाखतीत त्यांनी पालम कुठं आहे विचारलं, मी सांगितलं, ते हसले, मीही हसले. मग घरी कार्ड आलं. निवड नाही, नकारही नाही. माझं नाव प्रतीक्षा यादीत होतं, तेही बरंच खाली.

मी खोलीचं दार लावून बसले. आक्कांनी कडी वाजवली.

"न्हाई म्हणले का?"

"नाही."

"मंग हो म्हणले?"

"नाही."

"मंग रडायलीस कशापायी? कॉल बुक झालाय, लागायचा ऱ्हायलाय. ऊठ, तोंड धू. तार ऑफिसात जायचंय."

तिथून पुढं आठवड्यातून एकदा आम्ही तार ऑफिसात जाऊन पुण्याला फोन लावायला लागलो. नंबर लागेपर्यंत बाकड्यावर बसून राहायचं. त्या वेळात आक्का मला काय विचारायचं ते पढवायच्या. "माझा नंबर कवा लागंल, असं इचारायचं न्हाई. ते त्याला ठाऊक न्हाई, मंग तो चिडतो. आधी त्याचं नाव इचार. मंग इचार, पुढं काय काय होणार हाय, कोणत्या दिवशी, कुठं. जे त्याला ठाऊक हाय तेच इचारायचं. फोन उचलणारा माणूस असतो गं, भिंत नसती."

फोन उचलणारे एक कारकून होते. पहिल्यांदा त्रासले. दुसऱ्यांदा म्हणाले, "परभणी का? बोला." पुढं पुढं तेच आपणहून सांगायला लागले. आणि एके दिवशी त्यांनी अगदी कामाची गोष्ट सांगितली. पैसे भरायची मुदत संपली, काही जणांनी जागा घेतलेल्या नाहीत. त्या जागा येत्या सोमवारी सकाळी ऑफिसात यादी वाचून भरणार. नाव घेतल्यावर जो समोर उभा असेल त्याला जागा. नसेल तर पुढचं नाव.

त्याच आठवड्यात आबा परभणीला आले. पालमच्या पतसंस्थेत कारकुनाची जागा निघाली होती, आबांनी शब्द टाकला होता आणि माझं नाव पक्कं झालं होतं. रुजू व्हायचं होतं सोमवारीच.

आबा अंगणात बसले. चहा झाला.

"आक्का, तुमीच सांगा हिला. हातात आलेली नोकरी हाय. घरून जायाची, घरी यायाची. अन् ती पुण्याची यादी... हिच्या पुढं केवढे लोक हायत."

आक्का म्हणाल्या, "आबा, एक सांगा. दसऱ्याला माल सांगून ठेवलाय, अन् व्यापारी नुसता पाठवतो पाठवतो करायलाय. तुमी काय करता?"

"काय करतो म्हंजे? नांदेडला जाऊन त्याच्या गादीवर बसतो. गठ्ठा बांधून घेतल्याबिगर उठत न्हाई."

"अन् दुकानात बसून वाट बघितली तर?"

"मंग दुसरा कुणीतरी माझा माल घिऊन जाईल की."

बोलून गेले आणि आपण काय बोललो ते आबांच्या ध्यानात आलं. त्यांनी बशी बाजूला सारली.

"न्हाई मिळाली जागा, तर?" आबांनी विचारलं. ते मला विचारत होते.

मी म्हणाले, "तर परत येईन आणि दुकानात बसेन. पण आबा, मी तिथं नव्हते म्हणून नाही मिळाली, असं नको."

आबांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "पतसंस्थेला मी सांगतो काहीतरी. पण हिच्या संगं जाणार कोण? मला सोमवारचा बाजार सोडता येत न्हाई."

"मी जाते," आक्का म्हणाल्या.

रिटायर झाल्यापासून आक्का परभणीच्या बाहेर पडल्या नव्हत्या.

आम्ही शनिवारी सकाळीच निघालो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीचे ते दिवस. आज कुठं बंद, उद्या कुठं रास्ता रोको, एस.टी. कधी चालेल, कधी थांबेल याचा नेम नसायचा. म्हणूनच आक्कांनी हातात एक दिवस जादा ठेवला होता. देवगाव फाट्यावर आमची गाडी थांबली. पुढं रस्त्यावर निळे झेंडे घेऊन शे-दीडशे माणसं बसली होती. त्यांच्या पलीकडं जालन्याकडून आलेली एस.टी. तशीच उभी. कंडक्टर म्हणाला, "आता संध्याकाळपर्यंत तर न्हाईच. मंग डेपोत परत न्यावी लागंल."

गाडीत कुरकुर सुरू झाली. एकजण नको ते बोलला. "नाव बदलून काय हुणार हाय म्हणतो मी. ह्यांच्या नावापायी आमी का परेशान व्हायचं?"

आक्का मागं वळल्या. "तुमचं नाव काय?"

त्यानं सांगितलं. आक्कांनी ते मुद्दाम चुकीचं उच्चारलं. त्यानं दुरुस्त केलं. आक्कांनी पुन्हा चुकवलं. तो चिडला.

"दोनदा चुकवलं तर तुमाला राग आला," आक्का म्हणाल्या. "मी जन्मभर लोकांची नावं नीट घेत आले. नाव नीट घ्यायला सांगणाऱ्याचा राग कशाला करायचा?"

मग त्या खाली उतरल्या. मीही उतरले. आक्का सरळ त्या बसलेल्या लोकांत जाऊन, लुगडं सावरून, डांबरावर बसल्या. पुढं एक दाढी वाढलेला मुलगा घोषणा देत होता. तो थांबून म्हणाला, "मावशी, तुमी?"

"बसते जरा. उन्हात बसलाव तुमी, पाणी हाय का?" पाणी प्यायल्यावर त्यांनी विचारलं, "गाड्या सोडणार न्हाई. माणसं चालत पलीकडं गेली तर चालंल का?"

"माणसांना कोण अडवतंय? खुशाल जावा."

आक्का थोडा वेळ बसल्याच. मग उठून दोन्ही कंडक्टरांना एकत्र बोलावलं. "तुझी माणसं जालन्याला जायची. ह्याची परभणीला. माणसं चालत इकडची तिकडं जातील अन् तिकडची इकडं. गाड्या जागच्या जागी वळवा. तू ह्याची माणसं घिऊन परभणीला जा, त्यानं तुझी घिऊन जालन्याला जावं."

कंडक्टर दोघंही डोकं खाजवायला लागले. तिकिटाचं काय, डेपोत काय सांगायचं, मेमो मिळाला तर कुणी निस्तरायचं. फाट्यावर एक पेट्रोल पंप होता, तिथं फोन होता. आक्कांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि म्हणाल्या, "परभणी डेपो दे बाई. अर्जंट."

पलीकडून सेलूच्या एक्स्चेंजवरची बाई काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, पण आक्कांचा चेहरा बदलला. आधी त्या चपापल्या, मग लाजल्या. मी त्यांना लाजताना कधी पाहिलं नव्हतं. "हो गं, मीच हाय," त्या म्हणाल्या. "बरी हाय. तू कशी हाईस? पोरगं शाळेत जातंय का? ... नंतर बोलू गं, आधी डेपो दे."

लाईन लगेच लागली. डेपोतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग कंडक्टरला फोनवर बोलावलं, आणि कंडक्टर दोनदा 'हो साहेब' म्हणून बाहेर आला.

मग देवगाव फाट्यावर एक मजेदार देखावा झाला. दोन्ही गाड्यांतली माणसं गाठोडी, पेट्या, लेकरं, एक बोकड असं सगळं घेऊन एकमेकांना ओलांडून गेली. बसलेल्या मुलांनी उठून मधून वाट केली. त्या दाढीवाल्या मुलानं माझी पत्र्याची पेटी उचलली.

"कुठं जायलाव?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. तो म्हणाला, "मी पण एम.ए.चा फॉर्म भरलाय. मिळू दे तुमाला जागा." पेटी टपावर चढवून तो परत आपल्या जागी जाऊन बसला.

सोमवारी सकाळी त्या संस्थेच्या व्हरांड्यात पुष्कळ मुलं होती. इस्त्रीचे कपडे, सोबत मोटारी घेऊन आलेले वडील. मी भिंतीला टेकून उभी होते. आक्का माझ्यापासून लांब, पार दाराजवळ जाऊन बसल्या. कारकून यादी घेऊन बाहेर आले. एक एक नाव घेत गेले. कुणी 'हजर' म्हणायचं आणि आत जायचं. काही नावांना उत्तरच येत नव्हतं. ते दोनदा पुकारायचे आणि खूण करून पुढं जायचे. प्रत्येक न आलेल्या नावासरशी माझं नाव वर सरकत होतं.

मग माझं नाव आलं.

मी म्हणाले, "हजर." व्हरांड्यातली सगळी डोकी वळली. कारकुनांनी चष्म्यावरून बघितलं आणि प्रथमच हसले. "परभणी," ते म्हणाले. "आवाजावरून ओळखलं. या आत."

मी सह्या करून बाहेर आले तोवर यादी वाचून संपली होती. जागाही संपल्या होत्या. आक्कांकडं धावत जायचं म्हणून वळले, तर आक्का एका मुलाशेजारी बसल्या होत्या. तो कराडकडचा. यादीत माझ्या लगेच खाली त्याचं नाव होतं. आदल्या दिवसापासून तो पुण्यात येऊन थांबला होता. तो समोरच्या भिंतीकडं बघत होता. आक्कांनी आमच्या दशम्यांचं फडकं सोडून त्याच्या मांडीवर ठेवलं होतं.

मला बघून त्यांनी हातानंच 'थांब' अशी खूण केली. मी थांबले.

"तास सुरू व्हायला अजून चार-सहा दिवस हायत," आक्का त्याला सांगत होत्या. "कुणाला दुसरीकडं जागा मिळंल, कुणाला इथलं जेवण झेपणार न्हाई. तू गावाला जाऊ नको. रोज सकाळी हितं यायाचं, त्या कारकुनांना नमस्कार करायचा, अन् बसायचं. त्यांचं नाव सांगते तुला."

"आजी, असं बसून कधी मिळतं का?" त्यानं विचारलं.

"ही बघ की," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

संध्याकाळी आबांना तार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला वसतिगृहात सोडून आक्का एकट्याच परत गेल्या. जाण्याआधी त्या संस्थेत पुन्हा जाऊन आल्या, एवढं मला ठाऊक होतं.

तास सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते. वर्गात हिशेबाचं काहीतरी चाललं होतं. दार उघडलं आणि तो कराडचा मुलगा आत आला. सरांनी त्याला मागं बसायला सांगितलं. तो माझ्या मागच्या बाकावर येऊन बसला. त्याला अजून दम लागलेला होता. थोड्या वेळानं तो पुढं वाकला आणि त्यानं हळूच विचारलं,

"त्या आजी तुझ्या कोण?"

मी म्हणाले, "घरमालकीण."

"चेष्टा करू नकोस," तो म्हणाला. "खरं सांग."